जॉइनिंग यायच्या आधी

मला सोडायला बाभुळगावच्या बसस्टँडवर आमची अख्खी गल्ली आली होती. शेजारच्या मालूकाकूंनी हातावर दही दिलं. "कंपनीत लागली म्हनून आमाले भुलू नको वं," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. मी कुठल्याही कंपनीत जात नव्हते. हे त्या गर्दीत फक्त आई, बाबा आणि मला माहीत होतं.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफर लेटर मिळालं. बाबांचं कृषी केंद्र आहे. पेरणीचे दिवस होते. त्यांनी बियाण्याच्या प्रत्येक पिशवीबरोबर पेढा दिला, त्यामुळे बातमी आजूबाजूच्या सगळ्या गावांत पोचली. जॉइनिंगची तारीख मात्र येईना. मेल केला की 'लवकरच कळवू' एवढंच उत्तर. सोयाबीन निघालं, कापूस फुटला, आणि दुकानात येणारा प्रत्येकजण विचारायचा, "पोरगी गेली नाई अजून?" मी आत बसून ऐकायचे. "जाईन ना ते पुढच्या महिन्यात," बाबा म्हणायचे. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, बियानं उगवलं नाई तं तुमी बदलून देता. कंपनी कोन बदलून देईन?" सगळे हसले, बाबाही. पण जेवताना मला म्हणाले, "तू पुण्याले निघून जाय. जॉइनिंग येईन तवा येईन. इथं किती लोकाले उत्तर देशीन?"

उत्तरं मी देतच नव्हते. तेच देत होते. तरी मी निघाले.

यवतमाळच्या इंग्रजी शाळेत शिकल्याचा पुण्यात उपयोग होईल असं वाटायचं. पण इंग्रजी येणं वेगळं आणि अनोळखी माणसासमोर तोंड उघडणं वेगळं. इंटरव्ह्यूत स्वतःबद्दल सांगा म्हटलं की माझं पाठ केलेलं उत्तर लगेच संपायचं आणि ते पुढच्या उमेदवाराला बोलवायचे. शेवटी एका कानाच्या दवाखान्यात काम मिळालं. मॅडम तपासतात. मी ऐकू येण्याचं मशीन कॉम्प्युटरला जोडून पेशंटला सोसेल असा आवाज लावते. या कामात समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून, सावकाश, तोंडावर हात न नेता बोलावं लागतं. आयुष्यभर मी नेमकं हेच टाळलं होतं. सुरुवातीला रोज परत जावंसं वाटे. मग वाटेनासं झालं. कधीपासून, ते सांगता येणार नाही.

फोनवर बाबा विचारायचे, "काम बरं चालू हाय ना?" दवाखान्यातलं, हे त्यांना माहीत होतं; पण तो शब्द त्यांनीही काढला नाही आणि मीही.

दीड वर्षाने जॉइनिंग आलं. पोस्टिंग चेन्नई, आठवड्यात होकार कळवा. फोन करून बाबांना सांगितलं. "इथं तं तू कवाचीच कंपनीत लागली हायेस," ते म्हणाले. "आता लोकाले आनखी काय सांगू?" आई मागून म्हणाली, "लोकाचं जाऊ द्या. तिले काय पायजे ते इचारा." त्यांनी विचारलं नाही. बरंच झालं, मला माहीतच नव्हतं. होकार दिला तरी गावात काही बदलणार नव्हतं, नाही दिला तरी नाही. फरक पडणार होता तो फक्त मला, आणि एकटीसाठी काही ठरवायची मला सवयच नव्हती.

त्याच आठवड्यात घरी गेले. दुकानात आलेल्या विठ्ठलकाकांनी विचारलं, "का वं, कंपनीत काय करतं तू?" खताची पोती मोजता मोजता बाबा उत्तर द्यायला वळले. त्याआधीच मी सवयीने काकांच्या चेहऱ्याकडे बघून, सावकाश म्हणाले, "कंपनीत नाही काका. दवाखान्यात आहे. कानाचं मशीन लावते."

"मंग माह्या बुढीचे कान पाहून दे ना एकडाव. आवाज देऊ देऊ माहा घसा बसला."

"आन मशीन लावल्यावर तिले सगळं ऐकू याले लागलं तं?" कुणीतरी म्हणालं. "तिच्या मांगं काय काय बोलतं तू, तेबी ऐकीन ते."

दुकान हसलं. बाबांनी पोती पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "मले पयले सांगाचं होतं."

"तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं. पन दुकानात नाई."

त्या मेलला मी उत्तर दिलं नाही. मुदत संपली. तो निर्णय होता की माझं नेहमीचं गप्प बसणं, हे अजून कळत नाही. वर्गातल्या मुली चेन्नईचे फोटो टाकतात तेव्हा चार वर्षांची डिग्री आठवते. दुसऱ्या दिवशी एखादे आजोबा मशीन लागल्यावर पंख्याचा आवाज ऐकून दचकतात, आणि मी ते विसरते. सगळं विसरते असं नाही.

तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले आणि जे राहिले, त्यांना घर म्हणजे काय वाटतं, माहीत नाही. माझ्यासाठी ती अशी जागा होती जिथे माझ्या वतीने बोलणारं कुणीतरी होतं. आता दुकानात कुणी माझी चौकशी केली की बाबा मान वर न करता म्हणतात, "दिवाळीले येते ते. तिलेच इचारा."

रागाने म्हणतात की कसं, असं मी आईला विचारलं.

"मले काय माहीत?" आई म्हणाली. "तूच इचार त्याइले."