टेलरमावशीच्या पिशवीतल्या चकत्या

टेलरमावशीला चकती फेकताना पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, बाईंचं कुणाशी तरी जोरदार भांडण झालंय. आधी ती चकतीकडे डोळे बारीक करून बघायची. मग टोपलीकडे पाठ फिरवून सगळं अंग पिळायची आणि "हं!" करून अशी काही भिरकावायची की आजूबाजूचे लोक आपसूक मागे सरकायचे. चकती निघायची ती थेट उजवीकडच्या झाडांच्या दिशेनं. नवखा माणूस मनात म्हणायचा, गेली. तेवढ्यात ती हवेतच विचार बदलायची, डावीकडे झुकायची आणि टोपलीच्या आसपास येऊन निमूट पडायची. मावशी मग इकडेतिकडे अशी बघायची, जणू तिनं तिला तसंच बजावून पाठवलं होतं.

खेळ तसा सोपा. बागेत ठिकठिकाणी खांबांवर लोखंडी टोपल्या बसवलेल्या आणि त्यांच्यावर साखळ्या लोंबणाऱ्या. लांबून चकती फेकायची, जिथे पडेल तिथून पुढची फेक करायची, आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत घालायची. साखळ्या खळखळल्या की काम फत्ते. शिकलेसवरलेले लोक याला डिस्क गोल्फ म्हणतात. मावशी 'चकत्या' म्हणायची आणि तिच्यामुळे बागेतले निम्मे लोकही तसंच म्हणू लागले होते.

पोटापाण्याचं तिचं काम कोट शिवायचं. बाजारामागच्या गल्लीत, एका अरुंद जिन्याच्या वर तिची खोली. कापायचं लांब टेबल, मशिनं, वाफेची जड इस्त्री आणि भिंतीला टेकून उभे कापडाचे तागे. गळ्यात टेप कायम, जेवतानासुद्धा. एखादा वाकड्या खांद्याचा माणूस आला की ती माप घेता घेता त्याच्या मुलाबाळांची चौकशी करायची आणि त्याला न सांगता एका बाजूला थोडं जास्त अस्तर भरायची. कोट घालून तो आरशासमोर उभा राहिला की खांदे अगदी समान. "माणसाला त्याचं व्यंग आपण कशाला सांगायचं? कापडाला सांगावं, ते ऐकतं," असं तिचं म्हणणं होतं.

नवरा गेल्यावर मावशी त्या खोलीतच रुतून बसली होती. लेकीनं फिरायला चल म्हणून डोकं खाल्लं, तरी ही जागची हलेना. शेवटी चष्म्याच्या दुकानात काम करणारा जावई एका रविवारी तिला बागेत घेऊन गेला आणि घाबरत घाबरत तिच्या हातात एक चकती ठेवली. झालं! त्या दिवसापासून रविवारी मावशीला काम सांगायची कुणाची छाती होत नसे. एखादा नवरदेव कोटासाठी दारात येऊन उभा राहिला तरी "सोमवारी या" असं ऐकून माघारी जायचा. मावशी तिथे मनमुराद हसायची, तिथे तिला भूक लागायची, रात्री झोपही छान यायची. इतकं सुख तिला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

आणि मग खांदा दुखायला लागला. आधी नुसती कळ, मग एक दिवस ताग्याला घातलेला हात अर्ध्यातच अडकला. लेकीनं तिला धरून फिजिओबाईंकडे नेलं. मलमाच्या वासानं भरलेल्या त्या खोलीत फिजिओबाईंनी हात वर केला, मागे नेला, दाबून पाहिला आणि विचारलं, "फेकता कशा? दाखवा."

मावशीनं हवेतच फेकून दाखवलं. फिजिओबाईंनी कपाळाला हात लावला.

"महिनाभर देते. फेकायची पद्धत बदला. मी स्वतः बागेत येऊन बघीन. असंच चालू राहिलं तर खेळ कायमचा बंद."

"आणि शिवण?"

"शिवण चालेल."

"उलटं नाही का करता येणार?" मावशीनं विचारलं. ती अजिबात थट्टा करत नव्हती.

त्याच संध्याकाळी सासू-जावई चकत्यांच्या दुकानात गेले. बागेच्या फाटकाजवळचं छोटंसं दुकान, आणि मालक म्हणजे छातीवर रुळणारी दाढी असलेला एक शांत माणूस. सगळे त्याला दाढीवालाच म्हणत. त्यानं मावशीची पिशवी गल्ल्यावर उपडी केली, एकेक चकती उचलून कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "या कुणी निवडल्या?"

"आमच्या जावयांनी," मावशी ऐटीत म्हणाली. "माझा वाढदिवस आला की एक, सणासुदीला एक. सगळ्या त्यांनीच दिलेल्या."

"सगळ्या एकजात वेगाच्या, धारदार कडेच्या, आणि शेवटी डावीकडे वळणाऱ्या. फेक उजवीकडे वाकडी जात असेल तर या तिला परत आणतात. वरून सगळं ठीक दिसतं. पण यांना उडायला भयंकर जोर लागतो, आणि तो जोर तुमच्या खांद्यातून निघतोय."

मावशीनं जावयाकडे पाहिलं. जावई समोरच्या फळीवरच्या टोप्या फार लक्ष देऊन बघत होता. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"जावईबापू?"

"आई, त्याचं असं झालं..." जावई चाचरत म्हणाला. "पहिल्या दिवशी तुमच्या सगळ्या फेकी उजवीकडे झुडपात गेल्या. तुम्ही इतक्या खुशीत होतात. म्हटलं, चुकतंय असं कसं सांगायचं? मग मी शोधून शोधून डावीकडे वळणाऱ्या आणल्या."

मावशीला असं हसू फुटलं की तिला गल्ल्याला धरावं लागलं.

"म्हणजे तुम्ही अस्तर भरलंत! माझ्यावर! अहो, हा माझा धंदा आहे, तुम्ही कधी शिकलात?"

हसून झाल्यावर ती डोळे पुसत दाढीवाल्याला म्हणाली, "आता मला अशी द्या, जी काही झाकणार नाही."

त्यानं हळू चालणाऱ्या तीन चकत्या पुढे ठेवल्या. त्यांच्या कडा जाड आणि बोथट होत्या. "या खरं म्हणजे टोपलीजवळून टाकायच्या. पण हात सुधारायचा तर लांबूनही याच फेकायच्या. यांना दांडगाई चालत नाही. तुमचा हात जसा जाईल तसंच या सांगतात, तोंडावर."

मावशीनं त्या कापड बघावं तशा पाहिल्या. पहिली लालचुटुक, दिसायला देखणी, पण बोटांतून निसटत होती. दुसरी इतकी मऊ की घडी पडेल असं वाटावं. तिसरीचा रंग ओल्या पोत्यासारखा, कुणी फुकट दिली तरी नको म्हणावं असा. पण ती वजनाला हलकी होती, आणि हातात घेताच चारही बोटं कडेखाली आपोआप जाऊन बसली. मावशीनं लाल चकतीकडे एकदा हळहळून बघितलं आणि पोत्याच्या रंगाची घेतली.

रविवारी त्या चकतीनं तिची पार शोभा केली. मावशीनं नेहमीसारखं अंग पिळून "हं!" केलं. चकती थरथरली, उजवीकडे कलंडली, कडेवर उभी राहिली आणि उतारावरून गडगडत थेट बाकावरच्या एका आजोबांच्या पायाशी जाऊन आडवी झाली. आजोबांनी ती उचलून दिली. पुढच्या वेळीही दिली. नंतर त्यांनी बाक बदलला.

पुढच्या रविवारी तिनं चकती वर्तमानपत्रात गुंडाळून आणली. जावयानं कागद सोडला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. चकती मधोमध फुगून एखाद्या झाकणासारखी झाली होती.

"कड नीट बसली नव्हती," मावशी म्हणाली. "ओलं फडकं टाकून जरा इस्त्रीनं दाबली. कॉलरचं असंच होतं."

तिनं फेकली. चकती वर गेली, कलंडली आणि गडगडली.

"अजून एक हात इस्त्री मारायला हवी."

इतकी वर्षं जावयानं सासूपुढे चहा कमी गोड झाला असंदेखील कधी म्हटलं नव्हतं. पण महिना निम्मा सरत आला होता, आणि खेळ सुटला तर ही बाई पुन्हा त्या खोलीत जाऊन बसेल हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

"आई, चकती चांगली होती," तो एका दमात म्हणाला. "तुम्ही वाकडं फेकता. हात कमरेपासून वर चढतो, शेवटी मनगट पिळलं जातं, आणि ताकद सगळी खांद्यानं लावता. पहिल्या दिवसापासून."

एवढं बोलून तो असा उभा राहिला, जणू आता त्याला घरी जेवायलासुद्धा कुणी बोलावणार नाही.

मावशीनं फुगलेली चकती उलटसुलट करून पाहिली. तिला राग आला होता, नाही असं नाही. पण त्याचा चेहरा बघून तो फार वेळ टिकेना.

"कुठून कुठे चढतो हात?" तिनं विचारलं. "नुसतं सांगू नका. दाखवा."

तिनं गळ्यातली टेप काढून त्याच्या हातात दिली. त्यानं एक टोक झाडाला बांधलं, दुसरं स्वतः धरलं आणि टेप तिच्या छातीच्या उंचीला ताणली. त्या टेपेच्या रेषेत, वर नाही, खाली नाही, चकती ओढत आणायची. जन्मभर लोकांना टेप लावणारी मावशी आता स्वतः टेपेपुढे उभी राहिली. जावई सांगत होता, "पुन्हा चढला. आता खाली गेला. आई, जोर नको, कंबर वळवा." आणि सांगता सांगता त्याचीही भीड चेपत गेली.

दाढीवाल्यानं ती फुगलेली चकती बघितली तेव्हा तो दाढी थोपटत बराच वेळ हसला. "सामन्यात ही चालायची नाही. पण सरावाला राहू द्या. आता तर ती आणखी कडक झालीय. जरा धसमुसळेपणा केलात की लगेच आडवी पडेल." मग मावशी रोज शिवणकाम आटपून संध्याकाळी बागेत यायला लागली. "हं!" आधी बारीक झालं, मग बंदच झालं.

महिना संपला आणि फिजिओबाई खरोखरच आल्या. हाताची घडी घालून मावशीच्या मागे, अगदी जवळ उभ्या राहिल्या. मावशीनं चकती छातीशी आणली, कंबर वळवली आणि हात सोडला.

चकती निघाली ती हळू, सपाट आणि सरळ. थरथरली नाही, झुकली नाही. टोपलीच्या पुष्कळ अलीकडेच ती गवतावर टेकली. पूर्वीची फेक याहून कितीतरी लांब जायची.

फिजिओबाई चकतीकडे बघतच नव्हत्या, त्यांचे डोळे खांद्यावर होते. "पुन्हा."

जावयानं धावत जाऊन चकती आणली. मावशीनं फेकली. सरळ.

"पुन्हा."

या वेळी ती आणखी पुढे गेली, टोपलीच्या खांबाला टक्कन लागून खाली पडली, आणि मावशी उड्या मारायच्या बेतात असताना मागून प्रश्न आला, "दुखलं?"

मावशी गडबडली. तिनं खांद्याकडे पाहिलं, मग फिजिओबाईंकडे.

"अगंबाई," ती म्हणाली. "बघायचं विसरलेच मी."

फिजिओबाईंनी घातलेली हाताची घडी सोडली आणि त्या पहिल्यांदाच हसल्या. "मग खेळा."

जावई चकती आणायला निघाला होता, पण मावशीनं त्याला हातानं अडवलं आणि लोक काय म्हणतील याचा विचार न करता ती स्वतःच उतारावरून धावत सुटली. मागून जावई जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "आई, हळू! अहो आई, हळू!"