सायकलवरचा कोंबडीचा पाय

चऱ्होलीत आमच्या घराला आडनावानं कुणी ओळखत नाही. 'सायकलचोरांचं घर' म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडतो. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच हळदीकुंकवाला एका बाईनं विचारलं, "तू चोरांची सून ना गं?" बाकीच्या सगळ्या पदराआड तोंड घालून हसल्या. मला असला राग आला की त्या बाईच्या हातचा तिळगूळ मी आजतागायत तोंडात घातलेला नाही.

झालं होतं असं. माझ्या सासऱ्यांचे वडील मोठ्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत होते. एका छावणीचे निरोप दुसऱ्या छावणीत सायकलवरून पोचवायचे. लढाई संपली आणि ते त्याच सायकलवरून घरी आले. त्यांचं म्हणणं, सरकारनं मोडीत काढली, मी रीतसर घेतली. भावकीचं म्हणणं, चोरून पळाला. ते गेले, पण भावकीचं तोंड काही बंद झालं नाही. सासरे ऐंशीच्या घरात आले तरी पारावर बसले की कुणीतरी विचारायचंच, "काय तात्या, सायकल परत मागाया कुणी गोरा आला न्हाई का अजून?" मग ते उठून घरी यायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. ताट झाकून ठेवणारी मीच.

शेवटी मी सांगवीतल्या एका गृहस्थांना गाठलं. बँकेतून निवृत्त झालेले, जुन्या सायकली जमवायचा नाद, आणि बोलणं असं की समोरच्यानं फक्त मान हलवावी. फोटो पाठवले तर त्यांचा लगेच फोन. चिमट्याची घडण, पायडलच्या दातेरी चक्राची नक्षी, बंदूक अडकवायच्या पकडीची भोकं, सगळं बघून म्हणाले, सायकल फौजेचीच आहे, शंका नाही. "आता सीटखालच्या नळीवर ठसा आहे का बघा."

होता. आमच्या घरात त्याला कोंबडीचा पाय म्हणतात. दर दसऱ्याला हळदकुंकू त्यावरच लावायचं, आणि रंग उडाला की वरून ऑइलपेंटचा हात मारायचा. थरावर थर चढून आता अंगठ्याला नुसती तीन बोटं लागायची, आजूबाजूला आणखी काही असलं तरी रंगाखाली बुजलेलं. ते म्हणाले, तो पाय नाही, बाण आहे, सरकारी मालाची खूण. एकच असेल तर सायकल शेवटपर्यंत सरकारची. पण सरकारनं स्वतः विकून टाकली असेल तर दुसरा बाण ठोकायचे, टोकाला टोक भिडवून. म्हणजे आमच्या भाषेत दोन कोंबड्या टाचेला टाच लावून पाठमोऱ्या उभ्या. "रविवारी येतो. रंग मी उतरवीन. तोवर कुणी हात लावायचा नाही."

सासऱ्यांनी सगळ्या भावकीला रविवारचं बोलावणं धाडलं. मी म्हटलं, आधी आपण बघू, मग बोलवू. तर म्हणाले, "न्हाई. समद्यांच्या म्होरं हुंदे. दोन निघालं तर त्यांनी माज्या बापाची माफी मागायची. एक निघाला तर मी मागंन." त्या आठवड्यात म्हातारा पोरासारखा खुशीत होता.

आता आमच्या ह्यांचं सांगते. ह्यांची चाकणला पावडर कोटिंगची शेड आहे, कंपन्यांचे पार्ट रंगवून देतात. पार्टवर एक ओरखडा दिसला तरी कंपनी अख्खा लॉट परत पाठवते, त्यामुळे ह्यांना देवाच्या मूर्तीवरसुद्धा आधी ओरखडा दिसतो. शनिवारी मी बाजारात गेलेली बघून सायकल टेम्पोत टाकली आणि नेली. फोनवर मी घसा फोडून सांगितलं, तिला हात लावू नका. तर म्हणे, "लोकांसमोर हा खटारा दाखवायचा? तुला कोटिंगमधलं काय कळतं?" आणि फोन बंद.

रविवारी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये भावकी खुर्च्या टाकून बसली. सासरे धुतलेली टोपी घालून पुढे. ह्यांनी चादर ओढली तर सायकल काळीभोर, नव्या कढईसारखी चकाकणारी. सांगवीच्या गृहस्थांनी सीटखाली अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"ठसा कुठाय?"

हे हसत म्हणाले, "फार खड्डे होते सर. वेल्डिंगनं भरले, वरून ग्राइंडर मारला. आता शोधून दाखवा."

गृहस्थांनी रुमालानं हात पुसले. "नळीवर कोरलेला सायकलचा नंबरही घासलात. नंबर घासलेली सायकल आमच्यात चोरीची धरतात." आणि गाडीत बसून गेले. म्हाताऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

भावकीला एवढं पुरे होतं. एक चुलत दीर मांडीवर थाप मारून म्हणाला, "घ्या, आता तर शिक्काच बसला." सगळे हसले. आमचे हेसुद्धा हसले, त्यांच्याबरोबर. वर बापाला म्हणाले, "सोडा ना तात्या, मेलेल्या माणसाचं काय एवढं. कोटिंग बघा कसलं बसलंय." नवऱ्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली मला त्या दिवशी. मारली नाही, याचं वाईट वाटतं.

सोमवारी मी चाकणला गेले. ग्राइंडर चालवणारा बिहारकडचा माणूस जेवत बसला होता. मी एवढंच विचारलं, भैया, साइकिल पे सीट के नीचे क्या था? त्याच्या तोंडात मी एक शब्दही घातला नाही. त्यानं हात धुतले, खडू घेतला आणि फरशीवर काढून दाखवलं: तीन रेघा खाली, तीन रेघा वर, मधे टोकाला टोक. "दो निशान थे भाभी, बहुत गहरे. साहब बोले एक भी नहीं दिखना चाहिए. देखिए, दिखता है?" त्याला वाटलं मी शाबासकी द्यायला आलेय.

परतताना बसमध्ये मी रडतही होते आणि हसतही होते. घरात शिरले ती चप्पल न काढताच सासऱ्यांच्या खाटेपाशी गेले, सगळं सांगितलं, त्यांच्या तळहातावर बोटानं ते दोन पाय काढून दाखवले. तात्या, दोन होते. तुमच्या वडिलांनी रीतसरच घेतली होती.

त्यांनी हात काढून घेतला. "उगं माजं मन राखाया खोटं बोलू नगंस, सूनबाई," ते म्हणाले. "रातभर इचार केलाय मी. एकच व्हता."