पहिली हाक तिची

एसटीतून उतरलेला एक ओळखीचा माणूस बेंबळीला आमच्या दारात येऊन सांगून गेला, "गिरणीवाल्यांची सुभद्रा गेली." आई भाकरी थापत होती. "कोण सुभद्रा?" म्हणत तिनं भाकरी तव्यावर टाकलीसुद्धा. मला मात्र कळलं होतं... हायस्कूलची सगळी वर्षं मी त्याच घरात काढली होती. मी म्हणालो, "आई, चंपामावशी." तेव्हा कुठं तिचा हात थांबला. सख्ख्या धाकट्या बहिणीच्या मरणाची बातमी आपण परक्यासारखी ऐकली, याचा सल तिच्या मनातून अजून जात नाही. सासरच्या त्या नावावर तिचा आधीपासून राग होताच, ते ती कधी तोंडातही घेत नसे. आता तिला वहीम आहे, की त्या नावानंच तिची बहीण खाल्ली. मला असलं काही पटत नाही. पण पटत नाही असं ठामपणे म्हणताही येत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मावशी चंपाषष्ठीला जन्मली म्हणून चंपा. धाराशिवला पिठाची गिरणी असलेल्या बिजवराला तिला दिली, तेव्हा अजून निजामाचं राज्य होतं. मावशीच्या मालकांना आम्ही काका म्हणायचो. त्यांची पहिली बायको तापानं वारलेली. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात, तसं काकांनी लिहिलं. मावशीला वाचता येत नव्हतं. तिनं शेजारी बसलेल्या चुलत सासूला हळूच विचारलं, तर ती म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "सुभद्रा. आमची सुभद्रा परत आली बाई." मेलेल्या बायकोचं नाव सुभद्रा होतं. मावशी मला सांगायची, "तवाच मनात पाल चुकचुकली बघ. ह्यांनी मला न्हाय आणलं. तिलाच आणलंय, माझं लुगडं नेसवून."

पुढं गिरणी, मागं घर, मध्ये एक दार. इंजिन सुरू झालं की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. त्या काळी बायकोला नावानं हाक मारायची रीत आमच्याकडं फारशी नव्हती, पण काका "सुभद्रा" अशी हाळी घालायचे, की ती गल्लीच्या टोकाला ऐकू जावी. दळण घेऊन आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मावशी पहिल्या हाकेला कधीच ओ देत नसे. चुलीपुढं नुसती बसून राहायची. दुसरी हाक आली की उठायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "पहिली हाक तिची. तिला जाऊ दे आधी. ती न्हाय गेली, तर मग माझी." काकांना वाटायचं, गिरणीच्या आवाजानं हिचे कान गेले. दर अमावास्येला गिरणी बंद असली की ते लसूण घालून तेल कोमट करायचे आणि स्वतः तिच्या कानात सोडायचे. मावशी डोळे मिटून पडून राहायची. कान चांगले आहेत, हे तिनं त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. मला वाटतं, ते तेल तिला आवडायचं...

पण संशय काही गेला नाही. काकांनी हिरवं लुगडं आणलं, तर हिरवा रंग कुणाला आवडायचा? आमटी बरी झाली म्हणाले, तर कुणासारखी झाली? मग दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम मीठ कमी घालायची. त्या घरात राहून मीही शंकेखोर झालो. काका जेवताना भिंतीकडं बघत बसले, की मला वाटायचं, आता हे कुणाला बघताहेत? वाईट माणूस म्हणावा, तर तसं काही दिसत नव्हतं. मूलबाळ नाही म्हणून त्यांनी मावशीला कधी टोचून बोललेलंही मी ऐकलं नाही. ती चांगली वागणूक तरी कुणासाठी, असा मावशीचा त्यावर सवाल असे.

सरकारी दवाखान्यात मी तिला शेवटचं पाहिलं. पोटाचं दुखणं फार वाढलं होतं. काका चहा आणायला गेले, तेव्हा तिनं मला जवळ ओढलं. "वसंता, म्या गेल्यावर त्या नावानं पाणी सोडतील. ते तिलाच पोचंल. मला काय? म्या तशीच तहानलेली बसू का? तू शिकलेला हायेस. तुझं ऐकतील." मी हो म्हणालो. काका कप घेऊन आले, तेव्हा मात्र मी नुसता चहा पीत बसलो.

दहाव्याला नदीकाठी गुरुजींनी गोत्र विचारलं, मग नाव. काका तोंड उघडणार, तोच मी कसाबसा म्हणालो, "काका, चंपा म्हणा. मावशीनंच सांगितलंय." भावकीतलं कुणीतरी कुरकुरलं, की कॉलेजात हेच शिकवतात काय. काकांनी मागं न बघता विचारलं, "अजून काय म्हणली ती?" मी पाण्याचं सांगितलं, मग लग्नातल्या ताटाचंही सांगितलं. काकांनी हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाले, "पहिली जाताना म्हणली हुती, दुसरी आणली तर तिला नांदू द्यायची न्हाय. म्हणून तेच नाव ठिवलं. तिला वाटावं, घरात तीच हाय, दुसरी कुणी आलीच न्हाय. मोठ्यानं हाळी घालायचो, ती तिला ऐकू जावी म्हणून."

"मग मावशीला का नाही सांगितलंत?"

"घरात बोललो असतो, तर पहिलीनं ऐकलं नसतं व्हय?"

म्हणजे मावशीचा संशय खरा होता. पहिली हाक तिचीच होती. फक्त ती कशासाठी होती, ते मावशीला कधी कळलं नाही... गुरुजींनी पुन्हा नाव विचारलं. काकांनी आधी आजूबाजूला पाहिलं, पाण्याकडं पाहिलं, आणि अगदी खालच्या आवाजात "चंपा" म्हणाले. त्या नावाची त्यांच्या जिभेला सवय नव्हती.

आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "बायको गेल्यावर पुरुषाला लई गोष्टी सुचत्यात." तिचा विश्वास नाही. माझा काही दिवस असतो, काही दिवस नसतो. सोलापूरला कॉलेजला जाताना धाराशिवला गाडी बदलावी लागते, तेव्हा मी गिरणीत जाऊन बसतो. काका पट्टा उतरवून इंजिन बंद करतात आणि एकच गोष्ट विचारतात, चंपी लहानपणी कशी होती? ते मी आईला विचारून यायचं असतं. आई हात राखूनच सांगते, एका खेपेला एवढंसं. परवा तिनं सांगितलं, की चंपी ज्वारी राखायला माळ्यावर उभी राहिली की तिच्या गोफणीचा दगड शेजारच्या शेतात पडायचा, आणि ओरडायची अशी, की ओढ्यापलीकडची पाखरंसुद्धा उठायची.

काका माझ्याकडं रोखून बघत राहिले. "आमच्या घरात तिचा आवाज कधी वर चढला न्हाय," ते म्हणाले. "ही दुसरीच कुणीतरी दिसती."

दारात एक बाई दळणाचा डबा घेऊन उभी होती. काकांनी तिला हातानंच थांबायला सांगितलं, आणि मला म्हणाले, "अजून सांग."