पायातले पैंजण
ऐंशीच्या सुमारास सिन्नरकडची दोन वर्षांची पोर आमच्या नाशिकच्या वॉर्डात आली. हृदयातून निघालेली रक्तवाहिनी जन्मतःच श्वासनळीभोवती आवळलेली, आणि गावात वर्षभर उपचार दम्याचे! डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली, तसा रडण्याचा आवाजच गेला. चाळीस मुलांमागे सिस्टर मी एकटी. म्हणून आईला पोरीच्या पायात पैंजण घालायला लावले. नळी कफाने तुंबली की ती पाय झाडायची आणि मी धावायचे. "काढलेस तर बघ," असा आईला दमही भरला होता.

एका दुपारी वॉर्ड फारच शांत वाटला. गेले तर पोर निळी, थंड पडलेली. आई पदराने वारा घालत होती.

"हळू बोला, सिस्टर. लय दिसांनी निजलीय. आवाजानं उठंल म्हणून पैंजण काढले."