तिच्या नावाची चिठ्ठी

निवडणुकीच्या चार दिवस आधी अंगणवाडीची बाई दारात आली आणि मतदानाच्या दोन चिठ्ठ्या माझ्या हातात ठेवूनही गेली नाही, उभी राहिली. एक चिठ्ठी माझ्या नावाची, दुसरी माझ्या बायकोची. बायको कोविडने जाऊन नऊ महिने झाले होते.

"ही गेली ता तुका म्हायत आसा मगो?" मी म्हटलं.

"म्हायत आसा, काकानू. पण यादीत नाव आसा. यादीत आसा म्हणजे चिठ्ठी येतली."

चूक माझीच होती. तिला घेऊन हॉस्पिटलात गेलो तेव्हा गेटवरच सांगितलं, पेशंटचा कागद आणा. आमच्या गोव्यात सगळ्यांत पक्का कागद कुठला, तर पोर्तुगीज अमलातला जन्माचा दाखला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवलेला. सरकार बाकी कशावर विश्वास ठेवील न ठेवील, त्याच्यावर ठेवतंच, असं आम्ही धरून चालतो. मी तोच नेऊन दिला. त्यावर तिचं पेडण्याच्या माहेरचं नाव. लग्नात आम्ही तिचं नाव बदललं होतं, तसंच बदलतात आमच्यात. तर हॉस्पिटलात माहेरच्या नावाची बाई मेली, आणि मतदारयादीतली माझी बायको जितीच राहिली.

पावसात एकदा डिचोलीला कचेरीत गेलो होतो यादीतून नाव काढायला. कारकून बरा माणूस. म्हणाला, "काका, मृत्यूच्या दाखल्यातली बाई वेगळी, यादीतली वेगळी. लग्नाचा दाखला घेऊन या, जोडून देतो." लग्नाचा दाखला घरातच होता. मी परत गेलो नाही. आज बस नाही, उद्या पाय दुखतो, असं चाललं. खरं सांगायचं तर तिचं नाव माझ्या हाताने खोडायला जायचं माझ्याने होईना. तोंडसुद्धा बघायला दिलं नव्हतं तिचं.

चिठ्ठ्या आल्या त्याच संध्याकाळी एक जण प्रचाराला आला. त्याने आणि मी वीस वर्षं खाणीवर ट्रक चालवले, त्यामुळे जीभ सैल. टेबलावरच्या दोन चिठ्ठ्या बघून म्हणाला, "वयनीचा मत फुकट घालवतलंस? सगळ्यांच्या तोंडाक मास्क. कोण कोणाक वळखता हल्ली?" आणि हसला.

चेष्टाच असणार. पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

कारण ते मत तिचं होतं. सत्तेचाळीस वर्षं आम्ही दोघं मतदानाला बरोबर गेलो, आणि कोणाला मत घातलं ते तिने मला एकदाही सांगितलं नाही. वाटेत मी विचारायचो, "कोणाक घातलंस गो?" ती म्हणायची, "तुका कित्याक होया ता?" मी रागावलो, एकदा तर दोन दिवस बोललो नाही. ती मजेत भाकऱ्या थापत होती. तिची प्रत्येक गोष्ट मी हक्काने घेतली, ही एक तिने दिली नाही. आणि आता कोणीतरी मास्क लावून येणार आणि ते उचलून नेणार.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या बाईला गाठलं. ती म्हणाली, "मेलेल्यांची वेगळी यादी करून मी आत दिलंय, काकानू. आणि मी भायर टेबलाकडे आसतलंय. मास्क खाली करून तोंड बघल्याशिवाय कोणाक सोडूचंय नाय." मी बरं म्हटलं, पण जीव राहीना.

मतदानाच्या दिवशी सातच्या आधी शाळेकडे पोचलो. ठरवलं होतं की मत देऊन दिवसभर तिथेच बसायचं. चढ चढून गेलो, रात्री झोप नव्हती. दारातल्या पोरीने कपाळाला ते मशीन लावलं. ताप दाखवला. दहा मिनिटं सावलीत बसवून परत लावलं. परत ताप. मला तर वाटतं ते राग मोजत असावं.

"आजोबा, हे टोकन घ्या. पाच वाजता या. ताप असलेल्यांना शेवटचा तास."

"आणि तोवर?"

"घरी जाऊन पडा."

ऐंशीच्या वरच्यांचं मत घरी येऊन घेतलं होतं, मी चार वर्षांनी लहान. तिथे भांडून उपयोग नव्हता. मागे रांग होती, त्यांना माझा ताप नको होता. बरोबरच होतं त्यांचं. पण घरी मी गेलो नाही. रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर, सगळ्यांपासून लांब जाऊन बसलो. तिथून शाळेची वाट दिसत होती.

तोंड झाकलेली साठ-सत्तरीची बाई आली की मी उठायचो. बांधा तोच, अंबाडा तोच, गुडघ्यावर हात ठेवून चढ चढायची तऱ्हा तीच. मास्क लावला की आमच्या गावच्या सगळ्या म्हाताऱ्या तिच्यासारख्या होतात हे मला त्या दिवशी कळलं. अकराच्या सुमाराला हिरव्या लुगड्यातली एक आली आणि मी ताडकन उठलो. मी चोर पकडायला उठलो होतो की तिला बघायला, ते आता सांगता येत नाही. पाच-सहा पावलं पुढे गेलो. ती थांबली, मास्क हनुवटीवर ओढला. वरच्या वाड्यावरची, मुलगावकडून लग्न होऊन आलेली.

"असो कित्या बघतंस रे मेल्या? बायल जावन वरीस नाय झाला."

मी परत मोरीवर येऊन बसलो. दुपारी अंगणवाडीच्या बाईने लांबूनच एका दगडावर पाव-भाजी आणि पाण्याची बाटली ठेवली आणि हाताने खूण केली, कोणी नाही आलं. मला ती खूण पुरली नाही.

पाच वाजता आम्ही चौघे तापकरी. आतली माणसं पांढऱ्या पिशव्या घातल्यासारखी, नुसते डोळे. उजव्या हाताला प्लॅस्टिकचा मोजा दिला. मी दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या.

"ही कोणाची?" अधिकाऱ्याने विचारलं.

"बायलेची. मेली ती. तिच्या नावावर कोणी येवन गेला काय, इतकाच सांगा."

यादीचं पान उलटून त्याने ओळीखाली बोट धरलं. माझ्या नावाच्या अगदी वरच तिचं. पुढे लाल शाईत 'मयत'. वर-खाली सगळ्यांवर खुणा होत्या, तिची ओळ तशीच.

"कोणी आलं नाही. तुमचं बोट द्या."

शाई लागली. मी बटण दाबलं. कोणाला, ते मीही सांगत नाही. सहाला दार बंद होईपर्यंत मोरीवर बसून राहिलो, मग घरी आलो आणि खरंच ताप भरला.

बरं वाटल्यावर लग्नाचा दाखला घेऊन डिचोलीला गेलो. तोच कारकून. फॉर्म पुढे केला, म्हणाला, "मी भरतो." मी म्हटलं, द्या इकडे. चौथीपर्यंत शिकलोय. नाव वगळण्याचं कारण, त्या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिलं. 'मयत'मधला त वाकडा गेला. परत लिहू का विचारलं.

तो म्हणाला, असू दे, चालेल.