आईच्या चपलांचं माप

माझ्या आईच्या डाव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलंय, चांगलं सुपारीएवढं. अंगठा शेजारच्या बोटावर चढून बसलाय. डॉक्टरांनी सांगितलं, पुढून रुंद, वरून मऊ आणि टाचेला सपाट अशी चप्पल घ्या. सांगायला काय जातं!

आई घोलवडला चिकूच्या पॅकिंग शेडमध्ये चिकू निवडते. बाबा गेल्यापासून तिचं सगळं बोलणं-हसणं तिथल्या बायकांतच. हल्ली शेडपर्यंतच्या वाटेत तिला दोनदा बसावं लागायचं, आणि "आता घरीच राहते" असं ती म्हणायला लागली होती. घरी बसली की ती खचणार, हे मला लख्ख दिसत होतं.

मी तलासरीला शिक्षिका. आमच्याकडे घरातल्या माणसाची चप्पल आणायची तर पावलाएवढी खराट्याची काडी तोडून दुकानात न्यायची पद्धत. आईनेही तशी काडी पाठवली. मी डहाणूतून चप्पल घेतली, ती हाडावर घासली. एक नंबर मोठी आणली, तर पाऊल आतून निसटायला लागलं, आई दारातच पडता पडता वाचली. तिसऱ्यांदा चारोटीहून आणली.

"दाबते गं. राहू दे आता."

माझं डोकंच फिरलं. "दुकानात चल म्हटलं की तुझी कंबर दुखते, आणून दिलं की दाबतं! मी काय तुझा पाय उसना नेऊ?"

शेवटी रविवारी तिला रिक्षात बसवून डहाणूला नेलीच. गुजराती दुकानदार समोर येऊन बसला. "मासी, पाय तर दाखवा." आई साडी ओढून पाय झाकून बसली. परक्या पुरुषाच्या हातात पाय देणं तिच्याने होईना. मग मीच खाली बसले आणि तिचा पाय मांडीवर घेतला. पर्समधली काडी लावून बघितली, तर ती बोटभर जास्त.

"ही कुणाच्या पायाची?"

"माझ्याच. उजव्या."

"अगं, दुखतो तो डावा ना?"

"वाकड्या पायाचं माप कुणी पाठवतं का?"

तीन फेऱ्या! मला तिथेच ओरडावंसं वाटलं, आणि त्या लालभडक हाडाकडे बघून रडूही येत होतं. शिवाय काडीने रुंदी कळत नाही, हे पोरांना भूमिती शिकवणाऱ्या मला तरी कुठे सुचलं होतं?

शेवटी पुरुषांची रुंद, पट्ट्याची सँडल बसली. "बाप्याची सँडल घालून शेडमध्ये जाऊ?" मी काही न ऐकता तिला दुकानभर चालवली. ती गप्प झाली, म्हणजे दुखत नव्हतं. मग हळूच म्हणाली, "या सणावाराला ठेवते. शेडमध्ये जुन्याच बऱ्या."

मी तिच्या जुन्या चपला उचलल्या आणि दुकानाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

आमच्या वाडीत रिक्षा आतपर्यंत येत नाही. उतरल्यापासून घरापर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. पण वाटेत कुठे बसलीही नाही.