मेलं म्हणू नोको

"मेलं म्हणू नोको, मास्तर."

आमच्या शेजारच्या मेट्रनबाईंचं हे वाक्य मी कुंपणावरून किती वेळा ऐकलं, याला गणती नाही. विजेरीतला सेल मेला, असं मी माझ्याच अंगणात, माझ्याच बायकोला सांगत असायचो, आणि पलीकडून सुई धरलेला एक हात वर व्हायचा. "संपला म्हण. मेला म्हणू नोको." तुळस वाळली चालायची, चूल विझली चालायची, घड्याळ थांबलेलं चालायचं. तो एक शब्द तेवढा चालायचा नाही.

आता मी पडलो हायस्कुलात मराठी शिकवणारा. मला कोणी शब्द सुधारून दिलेले खपत नाहीत. एकदा वैतागून म्हणालो, "बाई, मराठी मी शिकवतो की तुम्ही?"

"तूच शिकव," त्या म्हणाल्या, "पण घरी आल्यावर नीट बोलत जाय."

चामोर्शीत मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथे त्यांनी उभा जन्म मेट्रन म्हणून काढला. वसतिगृह बंद पडलं, बाई निवृत्त झाल्या, पण नावाला 'मेट्रन' चिकटलं ते चिकटलंच. जंगलातल्या गावांतून आलेल्या किती पोरींच्या डोक्यातल्या उवा त्यांनी काढल्या असतील, किती जणींना शिवण शिकवलं असेल. बाजाराच्या दिवशी एखादी लेकुरवाळी बाई डोक्यावरची टोपली उतरवून भर रस्त्यात त्यांच्या पाया पडायची. बाई तिच्या केसांत हात घालून आधी उवा पाहायच्या, मग आशीर्वाद द्यायच्या.

बाई ख्रिस्ती. गावात त्यांची मंडळी लहान. वीस-पंचवीस माणसं, कौलारू, आमच्याकडच्या भाषेत कवेलूचं, एक बैठं उपासना मंदिर, आणि महिन्यातून दोनदा बाहेरगावाहून येणारे पाळकसाहेब. बाईंच्या भिंतीवर मंडळीचं कॅलेंडर टांगलेलं असे, पण सण कधी येणार ते त्या खिडकीतून बाहेर बघून सांगायच्या. पळस पेटला की राखेचा बुधवार आला. मोह टपकायला लागला की उपवासाचे चाळीस दिवस अर्ध्यावर आले. कुसुंबाला तांबडी पालवी फुटली की प्रभू उठला, म्हणजे ईस्टर. आणि धान कापून झालं की नाताळ. चार-आठ दिवस इकडेतिकडे व्हायचे. त्याबद्दल विचारलं तर म्हणायच्या, "झाडाले घाई नसते, मास्तर."

मी काही फार भाविक माणूस नाही. मार्कंड्याच्या जत्रेला जातो तो भज्यांसाठी, आणि नाताळला बाईंकडे जायचो तो करंज्यांसाठी. त्यामुळे मला चिडवायचा हक्क आहे असं वाटायचं. म्हणालो, "बाई, तुमच्या नाताळच्या कार्डावर बर्फ, ईस्टरच्या कार्डावर हिरवं गवत अन् फुलं. आपल्याकडे ईस्टरला तर डोकं भाजतं. तुमच्या देवाचं पंचांग चुकलं."

 त्या वर्षी ऐन उन्हात बाई मला दफनभूमीच्या मागे घेऊन गेल्या. सगळं रान खराट्यासारखं उभं होतं. सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. आणि मधेच एक कुसुंब, अंगभर लाल पालवी लेवून उभा.

"कोणं पाणी घातलं याले?" बाई म्हणाल्या. "विहिरी आटून राह्यल्या, अन् हा नवं लेऊन राह्यला. मले दुसरी साक्ष कायले पायजे?" परत येताना म्हणाल्या, "येशूच्या मुलखात गहू होते, म्हणून तो मातीत पडून उगवणाऱ्या गव्हाच्या दाण्याचं बोल्ला. इथी जन्मला असता तं धानाचं बोल्ला असता."

बाईंचं बरोबर होतं. मास्तर लोकांना ही गोष्ट कबूल करणं जड जातं.

झावळ्यांचा रविवार म्हणजे बाईंचा मानाचा दिवस. ईस्टरच्या आधीच्या रविवारी मंडळी हातात झावळ्या घेऊन गात निघायची. इथे कुठली नारळाची झाडं? ओढ्याकाठच्या शिंदीची पानं. त्यातल्या उरलेल्या झावळ्या बाई घरी आणून आढ्याला टांगायच्या. वर्षभर त्या वाळायच्या आणि पुढच्या राखेच्या बुधवारी त्याच जाळून पाळकसाहेब सगळ्यांच्या कपाळी राख लावायचे. हे काम बाईंकडे कायमचं. त्याच सुमारास मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा असते. माझी बायको कपाळावर अंगारा लावून यायची आणि कुंपणापाशी बाईंच्या कपाळावरची राख बघायची. दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या.

बाई स्वतःसाठी मात्र दोन झावळ्या घ्यायच्या. एक त्यांची. दुसरीच्या देठाला वसतिगृहातल्या पोरींच्या वेणीची निळी फीत बांधायच्या आणि ती वेगळी टांगायच्या. ती लेकीची.

या लेकीचं सांगायला हवं. एकुलती एक. नवरा लवकर गेला, बाईंनी तिला एकटीने वाढवलं, नर्सिंगला घातलं. ती शिक्षण अर्धवट टाकून आली आणि म्हणाली, सिरोंचाच्या एका मुलाशी लग्न करते आहे. तो नदीवर डोंगा चालवायचा, मंडळीतला नव्हता, घरात तेलुगू बोलायचा. त्या दुपारी मी पेपर तपासत ओसरीवर बसलो होतो, त्यामुळे सगळं कानावर पडलं. दुसऱ्यांच्या शंभर पोरींच्या चुका पोटात घालणारी ही बाई स्वतःच्या पोरीला फाटकात उभी राहून म्हणाली, "जाय. आजपासून तू मले मेली."

पोर गेली. आणि त्यानंतर कधीतरी कुंपणावरून तो हात वर व्हायला लागला. मेलं म्हणू नोको. या दोन गोष्टी एकमेकींना जोडायला मला किती वर्षं लागावीत? मराठीचा मास्तर म्हणे. माझी मलाच लाज वाटते.

अकरा वर्षं ती निळ्या फितीची झावळी टांगली गेली. दर वर्षी बाई म्हणायच्या, "यंदा येईन ते." दर वर्षी ती इतर झावळ्यांबरोबर जळायची.

बाराव्या वर्षी घोटाळा केला तो आमच्या घराने. पावसाळ्याआधी बाईंनी छपराचे कवेलू उतरवून फेरायला काढले आणि झावळ्यांचा भारा आमच्या मागच्या पडवीत ठेवायला दिला. दिला माझ्याजवळ. बायकोला सांगायचं मी विसरलो. दिवाळीच्या साफसफाईत तिला तो दिसला. आता आमच्या बाजूच्या कोणत्याही बाईला वाळलेली शिंदी दिसली की हात शिवशिवतात, कारण शिंदीच्या पानाचीच झाडणी होते. आम्ही तिला फडा म्हणतो. तिने पानं भिजवली, ठोकली, आणि झकास दोन फडे बांधले. एकाला सुतळी बांधली, दुसऱ्याला ती निळी फीत. फितीचा फडा चांगला दिसत होता म्हणून पाहुण्यांसाठी खिळ्याला अडकवून ठेवला.

पळस फुलला, बाई भारा न्यायला आल्या. बायकोने पडवीत बघितलं, मग खिळ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. "बाई," ती म्हणाली, "चुकलं माह्याकडून. मले माहीत नव्हतं. म्या त्याचे फडे केले. माफ करा मले." आणि तिथेच पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी आपला कोपऱ्यात, खरा गुन्हेगार, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा.

बाईंनी सुतळीचा फडा उचलला. चार महिन्यांत अर्धा झिजला होता. "घर झाडलं ना यानं?" त्या म्हणाल्या. "मंग वाया काय गेलं? याचीच राख करू." मग निळ्या फितीचा फडा खिळ्यावरून काढला आणि तो मांडीवर घेऊन पडवीतच खाली बसल्या. बराच वेळ फितीवर बोट फिरवत राहिल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुही बायको दोन मिनिटात माफी मागून मोकळी झाली. मी अकरा वर्षं झाले, कपाळाले राख लावून राह्यली, अन् पोरीच्या दारी गेली नाई. यंदा येईन, यंदा येईन. तिनं काऊन यावं? बोल्ली तं मी होती."

बायको रडायची थांबली. 

"सिरोंचाची गाडी किती वाजता हाय?"

त्या बुधवारी आमच्या घरचा फडा मंदिरात घमेल्यात जळला. पाळकसाहेबांना सांगितलं नव्हतं. शनिवारी मी बाईंना घेऊन निघालो. हातात पिशवी नाही, डबा नाही, फक्त निळ्या फितीचा फडा. एसटीत लोक बघत होते. कंडक्टर म्हणाला, "बाई, झाडणीचं अर्धं तिकीट लागते." बाई हसल्या नाहीत. आष्टी गेलं, आलापल्ली गेलं, रस्ता जास्तच खडबडीत झाला. दोन्ही बाजूंनी सागाचं उघडं रान. शेजारचा म्हातारा खिडकीबाहेर बघून म्हणाला, "पुरं जंगल मेलं यंदा." मी दचकून बाईंकडे बघितलं. त्यांचा हात फड्यावर होता, तो वर आला नाही. त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होत्या. लेकीला बोलायचं वाक्य असावं.

नदीच्या बाजूला विचारत विचारत घर सापडलं. अंगणात लाल मिरच्या वाळत पडल्या होत्या आणि लेक खाली बसून त्या परतत होती. अंगाने भरली होती. तिने वर बघितलं आणि हात मिरच्यांतच राहिला. एक लहान मुलगी आतून धावत आली आणि तेलुगूत काहीतरी विचारून आईला बिलगली. कोण आहे ही, असंच विचारलं असणार.

बाईंचं घोकलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. त्यांनी फडा पुढे केला. "तुही झावळी हाय याच्यात," त्या म्हणाल्या. "दर सालची जाळली. हे वाचली."

लेक उठली नाही. म्हणाली, "मी तं मेली होती ना, आई?"

"चुकीचं बोल्ली मी," बाई म्हणाल्या. "माफ कर मले."

एवढंच. यासाठी अकरा वर्षं. मी दुसरीकडे तोंड फिरवलं, कारण मिरच्यांचा खकाणा डोळ्यांत जात होता. तुम्ही तसंच समजा.

थोड्या वेळाने लेकीचा आवाज आला. "बांधला कोणं हा? ढिल्ला हाय."

"शेजारच्या काकूनं."

"तरीच." ती रडत होती आणि हसतही होती. तिने पदराने नाक पुसलं, फडा घेतला, ओसरी झाडली आणि आईला बसायला चटई टाकली.

परतीच्या गाडीत मी एकटाच होतो. बाई पंधरा दिवस राहिल्या. आल्या तेव्हा म्हणाल्या, "मास्तर, धानाचे पऱ्हे उपटून दुसऱ्या बांधीत रोवले का आठ दिवस पिवळे पडतात. शेतकरी त्याले मेलं म्हणते का? मी हॉस्टेलात इतक्या पोरी रोवल्या, अन् आपल्याच पऱ्ह्याले..." पुढचा शब्द त्यांनी गिळला. त्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी लेक आणि नात दोघी आल्या. बाईंनी तीन झावळ्या घेतल्या.

मग तीन वर्षं चांगली गेली. चौथ्या वर्षी धानाचा रोवणा संपता संपता बाई झोपेत गेल्या. सकाळी सिरोंचाला फोन मी लावला. "तुझी आई..." एवढं म्हणालो आणि अडलो. साऱ्या मराठीत मला एक शब्द सापडेना. 

"काका," ती म्हणाली, "मेली म्हणू नोका."

"नाही म्हणत," मी म्हणालो.

पुढच्या राखेच्या बुधवारी ती आली. पिशवीत तो फडा होता. झिजून मूठभर बुडखा राहिला होता, वर विटलेली फीत. फीत सोडवून तिने मनगटाला बांधली आणि बुडखा पाळकसाहेबांच्या घमेल्यात ठेवला. आम्ही नवरा-बायको मागच्या बाकावर बसलो होतो. राख घ्यायला माझी बायको उठली, म्हणून मीही उठलो. पाळकसाहेबांनी काही विचारलं नाही.

झावळ्यांच्या रविवारी तिने दोन झावळ्या घेतल्या. मंदिरातून थेट आमच्या फाटकाशी आली, एका देठाला ती फीत बांधली आणि झावळी माझ्या बायकोच्या हातात दिली. "काकू, याच्यात अजून चार मिळवा अन् फडा बांधा. पुढच्या साली घेऊन जाईन. यंदा जरा घट्ट बांधा."

ती झावळी आमच्या पडवीत टांगली आहे. हिरवी होती, आता पिवळी पडली. दिवाळीला बायको फडा बांधणार आहे. परवा एक पाहुणे आले होते. पाणी पिता पिता वर बघून म्हणाले, "मास्तर, हे मेलेलं पान कशाला टांगून ठेवलंय?"

माझी नजर सवयीने कुंपणाकडे गेली. पलीकडे कोणी नव्हतं, हात वर झाला नाही.

मग मीच केला.